शिळं पॅकेट : टीईए घराण्याचे सायफर आणि वरूडकडची एक मोटर

डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. वरूड तालुक्यात या दिवसांत संत्र्याच्या बागा ताणावर असतात. आंबिया बहार घ्यायचा तर झाडाचं पाणी तोडावं लागतं, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, वाढ थांबते, आणि मग पाणी सोडलं की फूल निघतं. मधेच पाणी लागलं तर ताण तुटतो. फुलाऐवजी नवती फुटते, आणि त्या झाडापुरता तो बहार गेलाच म्हणायचा.

सकाळी साडेसहाला काकांचा फोन आला. नात्याचे नाहीत, पण लहानपणापासून मी त्यांना काकाच म्हणतो.

"मोटर कोनं चालू केली रे बावा? अर्धी बाग ओली झाली. म्या तं झोपलो होतो. तुह्या डब्ब्यानंच केली असन."

तो डबा मी बनवलेला होता. माझं मोटर वाइंडिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. काकांची विहीर गावापासून दोन किलोमीटर, नाल्याच्या पलीकडे. तिथे मोबाइलचं नेटवर्क धड मिळत नाही, म्हणून बाजारातला मोबाइल स्टार्टर तिथे चालला नाही. थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री, आणि मधे गेली की स्टार्टर पडतो. पुन्हा बटण दाबायला अंधारात नाला ओलांडून जायचं. सापविंचवाचं भय वेगळंच. म्हणून मी ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं, परवाना न लागणारं रेडिओ मॉड्यूल वापरून एक जोडी तयार केली : घरी हँडसेट, विहिरीवर स्टार्टरच्या शेजारी रिसीव्हर. मधे झाडी असल्याने गावच्या पाण्याच्या टाकीवर एक रिपीटर बसवला, म्हणजे हँडसेटचा संदेश ऐकून तो पुढे पाठवणारा डबा. असे डबे गावात सहा जणांकडे होते.

आणि त्यात सायफर होता, म्हणजे गुप्त आकड्याने, 'चावी'ने, संदेश असा बदलणारी रीत की चावीशिवाय तो उलगडू नये. हे मी मुद्दाम सांगतो, कारण काकांचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हाच आला की असं होऊच शकत नाही.

डब्यात काय होतं

रिसीव्हरमध्ये आठ बिटची साधी चिप आहे : ३२ किलोबाइट प्रोग्रामला, २ किलोबाइट रॅम, १ किलोबाइट ईईप्रॉम, म्हणजे लाइट गेली तरी न पुसली जाणारी जागा. एवढ्या जागेत बसेल, समजेल आणि हाताने लिहिता येईल असा सायफर मला हवा होता. म्हणून मी टीईए घेतला.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या डेव्हिड व्हीलर आणि रॉजर नीडहॅम या दोघांनी तो १९९४ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या परिषदेत मांडला. टीईए म्हणजे टायनी एन्क्रिप्शन अल्गोरिदम, नावाचा अर्थच 'चिमुकला सायफर' असा आहे. त्या काळात सगळीकडे चालणारा डीईएस हा १९७७ चा अमेरिकी मानक सायफर. तो आयबीएममधल्या हॉर्स्ट फाइस्टलच्या कामातून निघालेला. त्यात आकड्यांची मोठमोठी कोष्टकं होती आणि बिटांची अदलाबदल होती. सर्किटात ते सोयीचं, प्रोग्राममध्ये जड. व्हीलर आणि नीडहॅम यांनी कोष्टकं टाकूनच दिली. बेरीज, बिट सरकवणं आणि एक्सॉर (दोन बिट वेगळे असले तर एक, सारखे असले तर शून्य), एवढ्या तीनच क्रिया ठेवल्या. फेऱ्या मात्र भरपूर घेतल्या, ६४. एकेक फेरी अगदी साधी, पण ६४ वेळा घुसळल्यावर मूळ मजकुराचा माग राहत नाही. आमच्याकडे ताक घुसळताना जे होतं तेच : एका फिरकीने काही होत नाही, पण रवी थांबवायची नाही.

ब्लॉक सायफर म्हणजे ठरावीक मापाचा मजकूर घेऊन तेवढ्याच मापाचा सांकेतिक मजकूर देणारं यंत्र. टीईएचं माप ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. चावी १२८ बिटांची. ८ बाइटचे दोन अर्धे करायचे. एका अर्ध्याला दुसऱ्यावरून आणि चावीवरून काढलेला आकडा मिळवायचा, मग बाजू बदलायची. दर दोन फेऱ्यांना एक स्थिर आकडा साठत जातो : २,६५,४४,३५,७६९. दोनचा बत्तिसावा घात सुवर्ण गुणोत्तराने भागला की हा येतो. तो यासाठी की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा वेगळी पडावी, आणि आकडा निवडण्यात लबाडी आहे असा संशयही कुणाला येऊ नये.

माझा आदेश नेमका ८ बाइटचा होता. डब्याचा क्रमांक, 'चालू' किंवा 'बंद', बाकी शून्यं. एक ब्लॉक, एक पॅकेट, म्हणजे रेडिओवरून एका दमात जाणारा एक संदेश. हे इतकं नीट बसलं की मी खूश झालो होतो.

संशय

काकांचा संशय शेजारच्या बांधावर गेला. तिथे त्यांच्या चुलतभावाच्या मुलाची बाग आहे, बांधावरून जुनं भांडण आहे, आणि त्याच्याकडेही माझाच डबा आहे. "त्याच्याच हँडसेटनं झालं हे," काका दुपारी दुकानात येऊन म्हणाले. "भाऊबंदकी हाय बाप्पा, तुले नाही समजत."

मी ठामपणे 'नाही' म्हणू शकलो नाही. त्याचं कारण चाव्यांमध्ये होतं. सहा डब्यांसाठी मी सहा वेगळ्या चाव्या केल्या होत्या, पण आळसाने : एक मूळ चावी, आणि त्यात डब्याचा क्रमांक मिळवलेला. काकांची मूळ अधिक तीन, शेजारच्याची मूळ अधिक चार. दुरुस्तीला एक डबा उघडून कुणी चिप वाचली असती तर सहाही चाव्या त्याच्या हाती.

टीईए घराण्याचा इतिहास इथूनच पुढे सरकतो, म्हणून थोडा थांबतो. १९९७ मध्ये जॉन केल्सी, ब्रूस श्नायर आणि डेव्हिड वॅग्नर यांनी दाखवलं की एकमेकींशी ठरावीक नातं असलेल्या चाव्यांखाली, हल्लेखोराच्या निवडीचा मजकूर चालवून मिळाला, तर टीईए फोडता येतो. चावीचे चार तुकडे प्रत्येक चक्रात ठरलेल्या जागीच वापरले जातात, हा त्यातला दुबळेपणा.

दुसरी खोट जास्त गमतीची आहे आणि कागद-पेन्सिलने समजते. टीईएच्या फेरीत चावीचे दोन तुकडे दोन वेगळ्या बेरजांमध्ये जातात आणि मग त्या दोन बेरजांचा एक्सॉर होतो. दोन्ही तुकड्यांचा सर्वात वरचा बिट एकदम उलटा केला तर काय होईल? दोन्ही बेरजांचा फक्त सर्वात वरचा बिट उलटतो, कारण हातचा पुढे जायला जागाच नाही. दोन उलटलेले बिट एक्सॉरमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. उत्तर तसंच्या तसं. म्हणजे चावी बदलली तरी सायफरला पत्ता नाही. उरलेल्या दोन तुकड्यांनाही हेच लागू. म्हणून प्रत्येक चावीला अगदी तेच काम करणाऱ्या तीन जुळ्या चाव्या असतात आणि १२८ बिटांची चावी प्रत्यक्षात १२६ बिटांची उरते.

मजकूर झाकायला हे दोन बिट गेले तर कुणाचं फारसं बिघडत नाही. पण मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्राच्या, एका आवृत्तीत टीईए वेगळ्याच कामाला जुंपला होता : सुरुवातीचा प्रोग्राम बदललेला नाही ना, हे तपासण्यासाठी त्याचा ठसा काढायला. ठसा काढताना प्रोग्रामचे तुकडे चावीच्या जागी जात होते. जुळ्या चाव्या म्हणजे तिथे जुळे प्रोग्राम. योग्य जागचे बिट जोडीने उलटवून लोकांनी प्रोग्रामची वाट बदलली आणि ठसा तोच राहिला. सायफर त्याच्या कामात वाईट नव्हता. जे काम त्याला कधी दिलंच नव्हतं ते त्याच्याकडून करून घेतलं गेलं.

हे मी आधी वाचलेलं होतं. वाचूनही मूळ चावीत क्रमांक मिळवत बसलो होतो, हे मला आजही बोचतं.

तरी पहिल्या दिवशी चार तास बसून मी शेजारच्या हँडसेटची पॅकेटं काकांच्या रिसीव्हरवर सोडून पाहिली. रिसीव्हर उलगडतो, कचरा निघतो, डब्याचा क्रमांक जुळत नाही, गप्प बसतो. प्रत्येक वेळी. चुलतभावाच्या मुलाचा यात काही हात नव्हता, आणि हे मी काकांना संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर, त्याच्यासमोरच सांगितलं. या सगळ्या प्रकरणात ते मला सर्वात महत्त्वाचं वाटलं. यंत्राची खोट माणसावर गेली असती तर बांध आणखी चार बोटं सरकला असता.

सापडलं कसं

काकूंमुळे. ओसरीवर बोलणं चालू असताना त्या म्हणाल्या, "रात्री दोन वाजता लाइट गेली-आली, तवा मी उठली होती. पंखा बंद पडला न."

शेतीचं फीडर वेगळं, गावठाणचं वेगळं. शेतीची लाइट रात्री बाराला आली होती आणि टिकली होती. दोनला गेली-आली ती गावठाणची. आणि गावठाणच्या लाइटवर माझ्या यंत्रणेतला एकच डबा होता : टाकीवरचा रिपीटर.

रिपीटर लिहिताना मी असा विचार केला होता की पॅकेट पुढे पाठवण्याआधीच लाइट गेली तर ते हरवू नये. म्हणून तो आलेलं शेवटचं पॅकेट ईईप्रॉममध्ये ठेवायचा आणि चालू झाला की एकदा पुढे पाठवायचा. आदल्या संध्याकाळी काकांनी हरभऱ्याला पाणी दिलं होतं. ओलीत संपता संपता शेतीची लाइट गेली, मोटर आपोआप थांबली, 'बंद'चं बटण दाबायची गरजच पडली नाही. शेवटचं पॅकेट राहिलं 'चालू'. मग गड्याने हरभऱ्याचा वॉल्व्ह बंद करून ठिबकचा उघडा ठेवला. कारण दोन्ही बंद ठेवले आणि चुकून मोटर लागली तर पाइप फुटतो. इतक्या सरळ कारणांनी चार तास पाणी संत्र्याला गेलं.

रिसीव्हरच्या बाजूने पाहा. पॅकेट आलं. योग्य चावीने उलगडलं. क्रमांक काकांचाच. आदेश 'चालू'. त्यात खोटं काहीच नव्हतं, ते फक्त शिळं होतं. एकाच चावीखाली तोच ८ बाइटचा मजकूर दिला की सायफर दर वेळी तेच ८ बाइट परत देतो. आजचं 'चालू' आणि कालचं 'चालू' यांत रिसीव्हरला फरक दिसायचा मार्गच मी ठेवला नव्हता. कुणी चोर असता तर त्यालाही चावीची गरज पडली नसती. हवेतलं पॅकेट टिपून पुन्हा सोडलं की झालं. टीईएच्या जागी कितीही भक्कम सायफर असता तरी त्या रात्री मोटर लागलीच असती.

रॉजर नीडहॅम यांनी १९७८ मध्ये मायकेल श्रोडर यांच्याबरोबर एक पद्धत मांडली होती. जाळ्यावरच्या दोन संगणकांनी तिसऱ्या विश्वासू संगणकाच्या मदतीने एकमेकांची ओळख पटवायची. पुढे मोठमोठ्या यंत्रणा त्यावर उभ्या राहिल्या. १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी साको यांनी दाखवलं की एखादी जुनी, फुटलेली चावी हाती असेल तर त्यातला जुना संदेश पुन्हा पाठवून समोरच्याला फसवता येतं, कारण तो संदेश ताजा आहे की नाही हे त्याला कळत नाही. उपाय म्हणून त्यांनी वेळेचा शिक्का सुचवला. ज्या माणसाचा सायफर मी वापरत होतो, त्याच्याच कामात हा धडा माझ्या जन्माआधी लिहून ठेवलेला होता.

काय बदललं

सर्वात आधी रिपीटरमधलं ते साठवणं काढलं. पण तेवढ्यावर थांबणं चुकीचं झालं असतं. शिळं पॅकेट उद्या दुसऱ्या कुठल्या वाटेने येईल. नकार द्यायची अक्कल रिसीव्हरलाच हवी.

मग मला उमगलं की मी चुकीच्या गोष्टीच्या मागे होतो. 'मोटर चालू' यात लपवण्यासारखं काय आहे? मोटर लागली की अख्ख्या शिवाराला ऐकू येतं. गुप्तता नको होती, खात्री हवी होती : हा आदेश याच हँडसेटचा आहे आणि आत्ताचा आहे. म्हणून नवं पॅकेट १२ बाइटचं केलं. पहिले ८ बाइट उघडेच : डब्याचा क्रमांक, आदेश, हँडसेटचा क्रमांक आणि चार बाइटचा चढता आकडा, जो प्रत्येक बटणाबरोबर एकने वाढतो. त्या ८ बाइटांवर सायफर चालवायचा आणि निघालेल्या उत्तरातले पहिले ४ बाइट मोहोर म्हणून मागे जोडायचे. रिसीव्हर स्वतः मोहोर काढून ताडून पाहतो. अंदाजाने मोहोर जुळायची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. आकडा आधीच्यापेक्षा मोठा नसेल तर पॅकेट टाकून द्यायचं. मजकूर नेमका एकाच ब्लॉकचा आणि कायम त्याच मापाचा आहे म्हणून हे इतकं साधं चालतं. लांबी बदलणारी असती तर अशी साधी मोहोर चालली नसती.

सायफरही बदलला, टीईए काढून एक्सटीईए टाकला. १९९७ मध्ये नीडहॅम आणि व्हीलर यांनीच तो दुरुस्ती म्हणून काढला. माप तेच, चावी तेवढीच, क्रिया त्याच. फक्त चावीचे चार तुकडे ठरलेल्या जागी न बसता साठत जाणाऱ्या आकड्याप्रमाणे आलटूनपालटून येतात, आणि जुळ्या चाव्यांचा प्रश्न मिटतो. कोडमध्ये फरक दोन-तीन ओळींचा. पुढे १९९८ मध्ये एक्सएक्सटीईए आला, तो हव्या तेवढ्या लांबीच्या ब्लॉकवर चालतो. जमिनीतल्या ओलाव्याची मोजमापं पाठवायला तो बरा पडेल असं वाटलं होतं, पण २०१० मध्ये एलियास यारकोव्ह यांनी त्यावर हल्ला दाखवला आहे. त्याला दोनच्या एकोणसाठाव्या घाताइतकी पॅकेटं लागतात, शेतात ते कधीच शक्य नाही, तरी नव्या कामाला मी तो घेतला नाही.

इथे एक गोष्ट दुरुस्ती करणाऱ्या मित्रांसाठी. हँडसेट आणि रिसीव्हर दोन्हींचा प्रोग्राम एकाच माणसाने लिहिला तर दोन्हीकडे एकच चूक होते आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, एक्सटीईए पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हा क्रियांचा क्रम चुकला होता. चूक लक्षात येईपर्यंत लोक तो वापरत होते, म्हणून तो चुकीचा प्रकारही एक्सईटीए या वेगळ्या नावाने ठेवावा लागला. माहीत असलेली चावी, माहीत असलेला मजकूर आणि त्याचं प्रसिद्ध उत्तर, याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय चिप डब्यात बसवू नका.

चाव्या नव्याने काढल्या. मूळ चावी नाही, मिळवणं नाही. प्रत्येक घरी ओसरीवर बसून पोरांनी रुपयाचं नाणं १२८ वेळा उडवलं, छापा म्हणजे एक, काटा म्हणजे शून्य. मी वहीत लिहून घेतलं, चिपमध्ये भरलं, पान फाडून घरच्यांना दिलं. बहुतेकांनी ते सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलं. चिप बाहेरून वाचता येणार नाही असं कुलूपही घातलं.

आठ दिवसांनी पुन्हा फोन

या वेळी उलटं. "डब्बा आयकत नाही. लाइट आली, तासभर बटन दाबून रायलो."

पाहतो तर रिसीव्हरमधला शेवटचा आकडा प्रचंड मोठा झालेला. हँडसेट तिथवर पोहोचायला जन्म गेला असता. कारण शोधायला दोन दिवस लागले. रिसीव्हर आधी रिले (मोटर लावणारा विजेवरचा स्विच) ओढत होता आणि मग नवा आकडा ईईप्रॉममध्ये लिहीत होता. पाच एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर भरपूर करंट खेचते, आमच्या डीपीवर आधीच व्होल्टेज कमी, त्या गोत्यात चिपचं लिहिणं अर्धवट राहिलं आणि आकड्याच्या जागी कचरा बसला.

आता क्रम उलटा केला आहे : आधी लिहायचं, परत वाचून पाहायचं, मगच रिले. आकडा दोन जागी आलटूनपालटून लिहिला जातो, प्रत्येकासोबत तपासणीचा बाइट आहे, त्यामुळे एक बिघडला तरी आधीचा शाबूत राहतो. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की चिपने थांबावं ही सोयही सुरू केली, ती मी आळसाने बंद ठेवली होती. ईईप्रॉम घासून जाईल का, असं एकाने विचारलं. एका जागी एक लाख वेळा लिहिता येतं. दिवसाला दहा बटणं धरली आणि सगळी एकाच जागी लिहिली तरी २७ वर्षं.

मला विचाराल तर आज नव्याने सुरुवात करताना मी एक्सटीईए घेणार नाही. त्याच्या पूर्ण ६४ फेऱ्या व्यवहारात कुणी फोडल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण ६४ बिटांचा ब्लॉक आता लहान मानतात. मोटरीच्या आदेशांना त्याने फरक पडत नाही, मोठी फाइल किंवा व्हिडिओ असेल तर पडतो. २००१ पासून मानक असलेला एईएस आता स्वस्त चिपमध्येही सर्किटातच मिळतो, आणि लहान यंत्रांसाठी अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२३ मध्ये ॲस्कॉन निवडला आहे. पुढच्या डब्यांत एईएस असेल. बसवलेले सहा डबे मात्र मी उपटणार नाही, त्यांच्या कामाला एक्सटीईए पुरतो.

बागेचं सांगायचं तर, ज्या ओळींना त्या रात्री पाणी लागलं तिथे नवती निघाली आणि फूल विरळ आलं. बाकीच्या ओळींनी ताण नीट घेतला. काकांनी डबा परत केला नाही. एक मागणी मात्र केली, दुसरा हँडसेट हवा, काकूंसाठी, कारण रात्री जाग त्यांनाच येते. दोन हँडसेट म्हणजे दोन वेगळे चढते आकडे, नाहीतर एकाचं नवं पॅकेट दुसऱ्याच्या हिशेबात शिळं ठरतं. रिसीव्हरमध्ये दोन रकाने केले. दुसऱ्या हँडसेटची चावीही वेगळी ठेवली. तिच्यासाठीचं नाणं काकूंनीच उडवलं, एकशे अठ्ठाविसही वेळा, मधे चहा ठेवायला उठल्या तेवढ्याच.